बोट सरकवण्याचं पेटंट आणि शास्त्राची साक्ष

नरेंद्र करमरकर हे नाव मराठी वाचकाला ओळखीचं आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरातला मुलगा आयआयटी मुंबईतून बाहेर पडला, बर्कलीला पीएच.डी. केली आणि १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना त्याने लिनिअर प्रोग्रॅमिंगची गणितं सोडवण्याची नवी रीत शोधली. विमान कंपनीने कोणते कर्मचारी कुठल्या फेरीवर पाठवायचे, टेलिफोनचं जाळं कमीत कमी खर्चात कसं विणायचं, असे हजारो चलांचे प्रश्न त्यात येतात. त्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर घेतली. आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं ते इथपर्यंत. पुढचं सहसा कोणी सांगत नाही. बेल लॅब्जची मालक कंपनी एटी अँड टीने या रीतीवर पेटंट मिळवलं, १९८८ मध्ये. पेटंटचं शीर्षक साधनसामग्रीच्या कार्यक्षम वाटपाच्या पद्धती आणि उपकरणांबद्दल आहे. गणिताचा उल्लेख शीर्षकात नाही. मग ही रीत चालवण्यासाठी खास यंत्र बांधून कंपनीने ते कॉर्बएक्स या नावाने ८९ लाख डॉलरना विकायला काढलं. पहिलं गिऱ्हाईक पेंटागॉन.

मधल्या काळात गणितज्ञ स्वस्थ नव्हते. १९८६ मध्ये गिल, मरे, साँडर्स, टॉमलिन आणि राइट या पाच जणांनी दाखवून दिलं की करमरकरांची रीत आणि १९६०च्या दशकातली लॉगॅरिदमिक बॅरियर पद्धत यांचं अगदी जवळचं नातं आहे. नंतर असंही लक्षात आलं की याच कुळातली एक सोपी रीत सोव्हिएत संघातल्या डिकिन यांनी १९६७ मध्येच छापली होती आणि पश्चिमेत तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. यामुळे करमरकरांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. ठरावीक वेळेत उत्तर मिळेलच याची हमी त्यांनी दिली आणि पडून राहिलेल्या एका वाटेवर जगभरच्या गणितज्ञांना आणून सोडलं. गणित वाढतं ते असंच, एकाचं दुसऱ्याशी नातं जुळत. पेटंटाला मात्र एकच मालक लागतो, आणि त्याच्या आधी त्या जागी कोणीही उभं नव्हतं असं दाखवावं लागतं.

मी सॉफ्टवेअर पेटंटांच्या विरोधात आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही माझ्याच बाजूच्या लोकांचा एक आवडता युक्तिवाद मला पटत नाही. तो असा: सॉफ्टवेअर म्हणजे गणितच, गणिताचं पेटंट देता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअरचंही देऊ नये. पहिला भाग खरा आहे. ट्युरिंगने १९३६ मध्ये संगणकाची कल्पना मांडली तीच मुळी गणितातल्या एका प्रश्नाला उत्तर म्हणून. तर्कशास्त्रातली सिद्धता आणि संगणकाची आज्ञावली या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असं म्हणायलाही भक्कम आधार आहे. पण मग त्याच न्यायाने वाफेचं इंजिन म्हणजे उष्मागतिकी, विजेची मोटर म्हणजे फॅराडेचा नियम आणि प्रत्येक औषध म्हणजे रसायनशास्त्र. निसर्गनियमांच्या बाहेर चालणारं यंत्र अजून कोणी बांधलेलं नाही. आत शास्त्र आहे एवढ्यावरून पेटंट नाकारायचं ठरवलं तर एकही पेटंट उरणार नाही. शेवटी हातात आलेली वस्तू बाहेरच्या जगात काहीतरी करते एवढ्यावरून पेटंट द्यायचं ठरवलं, तर काहीच नाकारता येणार नाही.

अमेरिकेची न्यायालयं याच दोन टोकांमध्ये पावणेदोनशे वर्षं हेलकावे खात आली आहेत. तारयंत्रवाल्या मोर्सने आपल्या पेटंटात यंत्राचा तपशील दिला होताच, पण आठव्या दाव्यात त्याने विद्युतचुंबकीय शक्तीने दूरवर अक्षरं उमटवण्याचा कोणताही मार्ग आपल्याच मालकीचा म्हणून मागितला. मग तो कुठल्याही यंत्राने का असेना. १८५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यंत्र त्याला दिलं आणि आठवा दावा नाकारला. १९७२ मध्ये बेन्सन खटल्यात एका प्रकारच्या संख्या दुसऱ्या प्रकारात बदलण्याची रीत आली. ती कागद-पेन्सिलीनेही करता येते, तिचं पेटंट म्हणजे सूत्राचंच पेटंट, म्हणून नाही. १९८१ मध्ये रबर साच्यात किती वेळ ठेवायचं ते संगणकाने मोजत राहण्याची पद्धत आली. आत अऱ्हेनियसचं समीकरण होतं, पण बाहेर पक्कं झालेलं रबर निघत होतं, म्हणून पाच विरुद्ध चार मतांनी हो. १९९८ मध्ये खालच्या न्यायालयाने दार सताड उघडलं आणि धंद्याच्या हिशेबी पद्धतींवरही पेटंटं मिळू लागली. २०१४ मध्ये अॅलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने पुष्कळसं लोटून घेतलं. पण 'अमूर्त कल्पना' म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या करायचं त्या निकालाने सरळ टाळलं.

त्याच्या आदल्याच वर्षी मिरियड खटल्यात स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकांचा प्रश्न आला होता. शरीरातून वेगळा काढलेला डीएनए निसर्गाचा, त्याला पेटंट नाही; प्रयोगशाळेत बनवलेल्या त्याच्या प्रतीला, म्हणजे सीडीएनएला, मात्र मिळू शकेल, असा निकाल लागला. न्यायमूर्ती स्कालिया निकालाशी सहमत होते, पण त्यांनी छोटंसं वेगळं मतपत्र जोडलं. रेण्वीय जीवशास्त्राच्या बारकाव्यांना स्वतःच्या ज्ञानाच्या किंवा विश्वासाच्या आधारावर दुजोरा देता येत नाही, असं त्यांनी त्यात लिहून ठेवलं. त्यांच्या बाकीच्या मतांशी माझं फारसं जमत नाही, पण एवढा प्रामाणिक परिच्छेद पेटंटांच्या निकालपत्रांत विरळाच. बाकीचे शास्त्राची भाषा बोलत होते. पण सीडीएनए मानवनिर्मित आणि त्यातला क्रम नैसर्गिक, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असताना कुठलीही प्रयोगशाळा त्यांना निवाडा देऊ शकली नसती.

मोबाइलकडे येऊ, कारण तिथे हा घोळ उघड्यावर येतो. बोट सरकवून फोनचं कुलूप उघडायचं, या क्रियेवर अॅपलचं पेटंट होतं. आयफोन आला २००७ मध्ये. त्याच्या आधीच निओनोड नावाच्या स्वीडिश कंपनीने एन१एम हा फोन काढला होता आणि तोही बोट सरकवूनच उघडायचा. लंडनच्या उच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये हे पेटंट अवैध ठरवलं: निओनोड समोर असताना यात आविष्कार तो काय? जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तेच केलं. अमेरिकेत मे २०१४ मध्ये ज्यूरीने तेच पेटंट वैध धरलं, आणखी काही पेटंटांसह सॅमसंगला ११ कोटी ९६ लाख डॉलर भरायला सांगितलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी ते रद्द केलं, आणि त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑक्टोबरमध्ये पुन्हा जिवंत केलं. तोच फोन, तीच काच, तेच बोट. अटलांटिकच्या एका काठावर तो आविष्कार होता, दुसऱ्या काठावर नव्हता, आणि वॉशिंग्टनमधल्या एकाच इमारतीत फेब्रुवारीत नव्हता, ऑक्टोबरात होता.

त्याच दोन कंपन्यांचा मोठा खटला २०११ पासून चालला होता. यादी शेवटापर्यंत ओढली की ती हलकीशी उसळी घेऊन मागे येते, त्या उसळीवर पेटंट. दोन टिचक्या मारून मजकूर मोठा करण्यावर पेटंट. गोल कोपऱ्यांच्या काळ्या काचेवर डिझाइनचं पेटंट. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्यूरीने सुमारे १०५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि जगभर मथळे झाले. पुढे हिशेब अनेकदा फिरला. २०१८ मध्ये शेवटच्या ज्यूरीने ५३ कोटी ९० लाखांचा आकडा दिला, त्यात दिसण्याचा वाटा ५३ कोटी ३० लाख, आणि उसळी-टिचकीसारख्या क्रियांचा जेमतेम ५३ लाख. मग दोघांनी तडजोड केली. सॅमसंगने दरम्यान उसळी काढून टाकली होती आणि कडेला निळसर चमक दाखवायला सुरुवात केली होती. वापरणाऱ्यांपैकी किती जणांच्या ते लक्षात आलं असेल? (इंग्लंडमधल्या डिझाइनच्या खटल्यात तर न्यायाधीशांनी सॅमसंगला निर्दोष ठरवताना कारण दिलं की त्यांचे टॅब्लेट आयपॅडइतके झकास नाहीत. जिंकूनही कोणी इतकं खजील झालं नसेल.)

दोन शेतांमधला बांध कुठे घालायचा हे मातीचा नमुना तपासून कळत नाही, दोन्हीकडे माती तीच असते. बांध गावाने घालायचा असतो आणि त्याची जबाबदारीही गावाने घ्यायची असते. शोध (आधीच असलेलं सापडणं) आणि आविष्कार (नवं घडवणं) यांच्यामधली रेघ अशीच आहे. पेटंट म्हणजे सरकारने एका कंपनीला दिलेला २० वर्षांचा मज्जाव: बाकीच्यांनी हे करायचं नाही. कोणत्या गोष्टींवर असा मज्जाव सोसायला आपण तयार आहोत, हा राजकीय प्रश्न आहे, आणि राजकीय म्हटल्याने तो हलका होत नाही. तज्ज्ञांनी माहिती जरूर द्यावी. निर्णय मात्र निवडून आलेल्या लोकांनी, उघडपणे घ्यावा.

आणि भारतात तो घेतला गेलेला आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, निव्वळ संगणक आज्ञावली आणि अल्गोरिदम हे आविष्कार मानले जात नाहीत. हे कलम २००२ च्या दुरुस्तीने आलं. 'निव्वळ' अशा अर्थाची पुस्ती संसदेच्या संयुक्त समितीने जोडली. आज्ञावलीबरोबर खरोखरच दुसरं काही नवं असेल तर केवळ आज्ञावली आहे म्हणून ते फेटाळलं जाऊ नये, एवढाच तिचा हेतू होता. मग डिसेंबर २००४ मध्ये सरकारने वटहुकूम काढला. जागतिक व्यापार संघटनेच्या मुदतीमुळे औषधांसाठी कायदा बदलणं भाग होतं, त्या गर्दीत ३(के) मध्येही हळूच बदल केला होता: आज्ञावलीचा उद्योगात तांत्रिक उपयोग असेल किंवा ती हार्डवेअरसोबत असेल तर पेटंट मिळेल. आता हार्डवेअरशिवाय चालणारी आज्ञावली मला कोणी दाखवावी. डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर सरकार चालत होतं, आक्षेप आले, आणि मार्च २००५ मध्ये संसदेने कायदा मंजूर केला तेव्हा हा बदल गाळलेला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये युरोपच्या संसदेनेही सॉफ्टवेअर पेटंटांचा मसुदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेकून दिला.

संसदेने जे नाकारलं ते पुढे मागच्या दाराने आत आलं. पेटंट कार्यालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. संसदेने गाळलेल्या कल्पनेशी त्यांचं इतकं साम्य होतं की सॉफ्टवेअर उद्योगातल्या आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या संघटनांनी एकत्र ओरड केली, आणि डिसेंबरात ती स्थगित झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये नवी आली: हार्डवेअरही नवं असेल तरच विचार करू. ही कसोटी कडक होती, पण निदान कळण्यासारखी होती. जून २०१७ मध्ये तीही काढून टाकली गेली. मग डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अलानी खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की आजच्या काळात बहुतेक आविष्कार संगणकावरच चालतात, तेव्हा तांत्रिक परिणाम दिसत असेल तर पेटंट नाकारू नये. त्या खटल्यातला अर्ज २००२ सालचा. वेबवरची माहिती लवकर मिळवण्याची पद्धत. पेटंट द्यावं असा आदेश निघाला २०२० मध्ये. अठरा वर्षांत वेब किती वेळा कात टाकून गेलं!

'तांत्रिक परिणाम' या कसोटीवर माझा राग आहे तो यासाठी की ती ऐकायला शास्त्रीय वाटते. वेग वाढला, मेमरी कमी लागली, पडद्यावर यादी जास्त सहज सरकली, हे सगळे तांत्रिक परिणामच. चांगल्या लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ते असतात. नसतील तर प्रोग्रॅमरला कामावरून काढतात. करमरकरांच्या रीतीचा तर तांत्रिक परिणाम डोळे दिपवणारा होता. म्हणजे ही कसोटी गाळते फक्त वाईट मसुदा लिहिणाऱ्या वकिलांना.

आता माझ्या बाजूला खरोखर अडचणीत टाकणारं प्रकरण. मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लावा या भारतीय मोबाइल कंपनीने स्वीडनच्या एरिक्सनला २४४ कोटी रुपये द्यावेत असं सांगितलं. वादातल्या पेटंटांत एएमआर नावाच्या आवाजाच्या कोडेकची पेटंटं होती. मोबाइलवर आपण बोलतो तेव्हा आवाज जसाच्या तसा पाठवत नाहीत. दर २० मिलिसेकंदांना फोन त्या तुकड्याचं विश्लेषण करतो: बोलणाऱ्याच्या घशा-तोंडाच्या पोकळीचा आकार साधारण कसा आहे, आणि तिला आतून कसला धक्का बसतोय. मग एवढीच वर्णनं आकड्यांत पाठवली जातात आणि पलीकडचा फोन त्यांवरून आवाज पुन्हा घडवतो. रेंज चांगली असेल तर सेकंदाला १२.२ किलोबिट, वाईट असेल तर ४.७५ पर्यंत खाली. या घराण्याची मुळं पुन्हा बेल लॅब्जमध्येच जातात. बिष्णू अटल आणि मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९८५ मध्ये त्याचा पाया घातला. लावाचा एक बचाव होता की हे सगळं अल्गोरिदम आहे, ३(के) पाहा. न्यायालयाने तो मानला नाही.

मलाही तो पूर्ण मानता येत नाही. घसा निसर्गाचा, गणित सगळ्यांचं. पण तुटक्या रेडिओ लहरीवरून समजेल असा आवाज पोचवणं हे अनेक वर्षांचं, महागडं, चुकत-माकत केलेलं काम आहे, आणि त्याचा नवेपणा संगणकाच्या पोटात राहत नाही, तो हवेतल्या लहरीपर्यंत आणि कानापर्यंत जातो. माझी रेघ मी साधारण तिथे ओढेन: जे नवं आहे ते यंत्राबाहेरच्या भौतिक जगाशी झगडून मिळालेलं असावं. एएमआर कदाचित बसेल. कुलूप उघडणारं बोट बसणार नाही, यादीची उसळी बसणार नाही, वेबवरचे शॉर्टकट बसणार नाहीत. ही रेघसुद्धा शास्त्राने दिलेली नाही, मी सोयीची म्हणून ओढली आहे, आणि तिच्यावर वाद व्हावा.

पण एएमआरला पेटंट मान्य केलं तरी पुढचा प्रश्न उरतोच. ती रीत दूरसंचाराच्या सर्वांनी पाळायच्या मानकात समाविष्ट झालेली आहे. तिला बगल देऊन फोन बनवताच येत नाही. अशा पेटंटांसाठी वाजवी, भेदभावरहित दर लावायचं वचन कंपन्या देतात. वाजवी म्हणजे किती? एरिक्सनच्या खटल्यांमध्ये रॉयल्टी मागितली गेली ती चिपच्या किमतीवर नव्हे, अख्ख्या फोनच्या विक्री किमतीवर. म्हणजे उत्पादकाने कॅमेरा चांगला बसवला की आवाजाच्या कोडेकचं भाडं वाढतं. याची चौकशी स्पर्धा आयोगाने करावी असं भारतीय कंपन्यांचं म्हणणं होतं. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो दरवाजा बंद केला, पेटंट कायदा त्याला पुरेसा आहे असं सांगून. त्यामुळे कोट्यवधी ग्राहकांना लागू होणारा दर आता दोन कंपन्यांच्या खासगी दाव्यात ठरतो, आणि करारांची कागदपत्रं गोपनीय म्हणून लखोट्यात बंद असतात.

छोट्या भारतीय कंपन्यांना पेटंट हीच ढाल आहे, असं उद्योगवाले सांगतात. सॉफ्टवेअरच्या कोडला कॉपीराइट आहेच, तो नोंदणीशिवाय मिळतो. ढाल उचलायलाच इतका खर्च येतो की ती आधीपासून श्रीमंत असलेल्याच्याच हातात दिसते. नॉर्टेल ही दूरसंचार कंपनी २००९ मध्ये बुडाली आणि २०११ मध्ये तिची सुमारे ६००० पेटंटं लिलावात अॅपल, मायक्रोसॉफ्ट आणि मंडळींनी मिळून ४५० कोटी डॉलरना उचलली. त्या लिलावात पुण्याच्या किंवा नाशिकच्या एखाद्या स्टार्टअपने हात वर केला असता असं कोणालाही वाटत नाही.

शिवाय पेटंट देशापुरतं असतं हेही अर्धंच खरं. लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली पहिल्यांदा संगणकावर घालणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी विद्यार्थ्यांना आठवत असेल की सगळं चालायचं, पण एमपी३ गाणं वाजायचं नाही. भारतातल्या कायद्याचा तिथे काही संबंध नव्हता. पेटंटं जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेची आणि तिच्या साथीदारांची होती, फेडोरासारखी लिनक्सची वितरणं अमेरिकेतून निघत होती, आणि तिथल्या दाव्याच्या भीतीने एमपी३चा भाग गाळलेला असायचा. फ्राउनहोफरने परवाने देणं एप्रिल २०१७ मध्ये थांबवलं, मुदत संपली म्हणून. तोवर आपल्या मुलांनी कुठल्या तरी कोपऱ्यातून तो भाग उतरवून घेतला आणि कायद्याच्या करड्या पट्ट्यात राहून गाणी ऐकली.

हळदीची लढाई आपण जिंकली ती आठवून काही जण म्हणतात, चुकीचं पेटंट असेल तर आव्हान द्या, रद्द होईल. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट निघालं होतं, आणि मूळ गोव्यातल्या माशेलच्या रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९७ मध्ये ते रद्द करवलं. पण त्या वेळी टेबलावर ठेवायला जुने ग्रंथ होते, १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला शोधनिबंध होता, आणि मागे सरकारी संस्था होती. प्रोग्रॅमरचं पूर्वज्ञान ग्रंथात नसतं. ते बंद पडलेल्या सर्व्हरवर, कोणाच्या तरी नोकरीतल्या कोडमध्ये, 'हे तर सगळेच करतात' अशा सवयीत असतं. परीक्षकाला ते सापडत नाही, आणि न्यायालयात सिद्ध करायला कोणाकडे वेळ नसतो.

२००५ चा निर्णय चुकीचा होता असं ज्यांना वाटतं, त्यांना तसं वाटण्याचा हक्क आहे, आणि वीस वर्षांत जग बदललं हेही खरं. त्यांनी दुरुस्ती विधेयक आणावं. उद्योगवाले आपली बाजू मांडतील, मुक्त सॉफ्टवेअरवाले समितीपुढे निवेदनं घेऊन जातील, फोन बनवणारे आणि परवाने विकणारे एकमेकांचे आकडे खोडतील, आणि मतदानात कदाचित माझी बाजू हरेल. २०१७ च्या जूनमध्ये ती हरली तेव्हा मतदानच झालं नव्हतं.